वरंध्याचा घाट, दुसऱ्या गिअरात

मोटार चालवता येणे आणि मोटारीत बसलेल्या माणसाला सुखाने नेता येणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. तोवरची पंधरा वर्षे मी एक लहानशी पेट्रोल गाडी पुण्याच्या रस्त्यांवरून हाकत होतो आणि अद्याप कोणाला धडकलो नाही, एवढ्या भांडवलावर स्वतःला निष्णात चालक समजत होतो. पुढे आमचे मेहुणे परदेशी गेले आणि जाताना आपली डिझेलची, चारही चाकांना जोर देणारी जीप आमच्या दारात उभी करून गेले. "पडून राहिली तर गंजेल. अधूनमधून चालवत जा," एवढेच ते म्हणाले. त्या जीपने पहिल्या आठ दिवसांतच माझा पंधरा वर्षांचा अभिमान धुळीस मिळवला.

पण त्याचे एवढे वाटून घेण्याचे कारण आईचे होते. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून ती पडली आणि पाठीच्या एका मणक्याला चीर गेली. हाड जुळले, ती हिंडूफिरू लागली, पण गाडीत बसणे बंदच झाले. तिचे माहेर पोलादपूरच्या बाजूला, सावित्रीच्या खोऱ्यात, नाव सांगून कोणाला कळणार नाही अशा एका वाडीत. तिथे तिचे थोरले भाऊ, आमचे मामा, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी पडवीतल्या खाटेवर असतात. त्यांना वाडी सोडवत नाही आणि हिला प्रवास झेपत नाही. फोनवर दोघेही एकमेकांना "बरी आहेस ना?" आणि "बरा आहेस ना?" एवढेच विचारत, पण फोन ठेवल्यावर आई बराच वेळ गप्प बसे. शेवटी मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "न्या की. पण गचके बसता कामा नयेत. खड्ड्यांचे तुमच्या हातात नाही. ब्रेकचे आणि गिअरचे तर आहे!"

त्याच संध्याकाळी आईला जीपमध्ये बसवून मी चौकापर्यंत एक फेरी मारून आणली. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दर गिअरला तिची मान कणसासारखी डोलत होती. घरी परतल्यावर ती काही बोलली नाही, फक्त उतरताना म्हणाली, "राहू दे रे. फोन आहे की."

आमच्या गल्लीत एस.टी.चे एक निवृत्त चालक राहतात. सारे त्यांना काका म्हणतात. बत्तीस वर्षे त्यांनी बस चालवली, त्यातली कितीतरी भोर आणि महाडच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. काकांनी चष्मा पुसला, चपला पायांत सरकवल्या आणि जीपच्या मागच्या बाकावर जाऊन डोळे मिटून बसले.

"चला सर, कात्रजपर्यंत. मी झोपलोय असं समजा."

तीन चौक गेले. मागून आवाज आला, "दुसरा टाकलात. मान पुढं गेली." थोड्या वेळाने, "तिसरा. आता मान मागं गेली." कात्रजच्या जुन्या घाटाच्या पायथ्याशी मी गाडी बाजूला घेतली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "मान पुढं गेली म्हंजे तुमी क्लच उशिरा सोडला. मागं गेली म्हंजे लवकर सोडला. ज्या दिवशी मला गिअर कळणार न्हाई, त्या दिवशी आईंना न्या. एस.टी.त आमची परीक्षा प्याशिंजर घेतो. तो झोपला, की गिअर बरोबर पडला."

मग त्या घाटाच्या कडेला बसून काकांनी मला जे सांगितले, ते कॉलेजात मी आजवर दिलेल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा सोपे होते. चालती एस.टी. पकडणारा माणूस काय करतो? उभ्या जागेवरून उडी मारली, तर हात उखडतो. म्हणून तो आधी बसच्या बाजूने धावतो, तिच्या वेगाला येतो आणि मग अलगद पायरीवर पाय ठेवतो. गिअर बदलणे म्हणजे नेमके हेच. एका बाजूला इंजिन फिरते आहे, दुसऱ्या बाजूला चाके. क्लच दाबला की दोघांची ताटातूट होते; सोडला की पुन्हा गाठ पडते. गाठ पडताना दोघांची गती जुळलेली असेल, तर आत बसलेल्याला काही कळत नाही. जुळलेली नसेल, तर तो फरक कोणीतरी सोसावाच लागतो. थोडा क्लचची तबकडी झिजून सोसते, उरलेला आत बसलेल्याची मान सोसते.

हिशेबही त्यांनी बोटांवर करून दाखवला. दुसऱ्या गिअरात इंजिन मिनिटाला 2200 फेऱ्या घेत असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात त्याने 1400च्या आसपास असायला हवे. म्हणजे मधल्या क्षणात इंजिनला खाली उतरायला सवड द्यायची. पेट्रोलचे इंजिन हलके. पाय काढला की झटकन उतरते. डिझेलचे अंग जड, त्याचे गतिचक्रही वजनदार. ते सावकाश उतरते. माझी सगळी चूक इथे होती. पेट्रोल गाडीच्या सवयीने मी फटाफट दांडा ओढत होतो आणि इंजिन अजून वर असतानाच क्लच सोडत होतो. ते चुकते आहे असे वाटून जास्त थांबलो, की इंजिन पार 800वर, म्हणजे नुसते धुगधुगीवर येई, आणि मग गाडी पाठीमागून कोणी धरल्यासारखी अडे.

"मग किती थांबायचं काका?"

"घड्याळ बघू नका. दांडा न्यूट्रलमधी आला की मनात एकदा 'विठ्ठल' म्हणा आणि पुढं ढकला. ढकला म्हंजे दामटू नका. तळव्यानं नुसता दाब द्या, तो आपणहून जातो."

तो आपणहून का जातो, हे मी नंतर वाचून समजून घेतले. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक गिअरच्या तोंडाशी एक पितळी कडे असते. दात दातांत बसण्यापूर्वी ते कडे घासून दोन्हींची गती सारखी करते. ही युक्ती 1928 साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आली. पण कड्यालाही आपले काम करायला क्षणभर लागतोच. दांडा दामटणारा माणूस तो क्षण त्याला देत नाही. मग गिअरबॉक्स करकरतो आणि कडे झिजते. पहाटे आतले तेल गार आणि घट्ट असते, तेव्हा तर दुसरा गिअर हमखास अडून बसतो. काकांच्या उमेदवारीत त्यांच्या वाट्याला आलेल्या बसना असली कडी नव्हती. तिथे क्लच दोनदा दाबावा लागे. एकदा गिअर काढायला, मग न्यूट्रलमध्ये क्लच सोडून आतली चाके इंजिनबरोबर जुळवून घ्यायला, आणि पुन्हा एकदा गिअर टाकायला. हाच तो जुन्या चालकांचा 'डबल क्लच'. ती माणसे कानाने गिअर टाकत, आणि त्यांचा तो कान अजून गेलेला नाही.

खालचा गिअर टाकायचा तर सगळे उलटे. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना इंजिनला वर यायचे असते, म्हणून क्लच दाबलेला असतानाच हलकीशी रेस द्यायची आणि मग क्लच सोडायचा. "वरचा टाकताना इंजिनला खाली येऊ द्यायचं, खालचा टाकताना त्याला वर बोलवायचं," हे काकांचे सूत्र मी वहीत लिहून घेतले. शिवाय चार बारीक गोष्टी. डिझेलला ओढ खालच्या फेऱ्यांतच असते. त्याला पेट्रोलसारखे किंचाळवू नये, दोन-अडीच हजारांवर पुढचा गिअर टाकून मोकळे व्हावे. पण बाराशेच्या खाली नेऊन त्याला कण्हायलाही लावू नये. गाडी चालू असता पाय क्लचवर ठेवू नये आणि हात दांड्यावर ठेवू नये. दोन्ही सवयी मला होत्या.

तीन आठवडे रोज पहाटे कात्रजचा जुना घाट आम्ही वरखाली केला. काका डोळे मिटून मागे बसत. बाविसाव्या दिवशी परत येताना त्यांचा एकही शेरा आला नाही. मी आरशात पाहिले. त्यांचे तोंड किंचित उघडे होते आणि ते खरोखरच झोपले होते.

कोजागरीनंतरच्या शुक्रवारी आम्ही निघालो. आई पुढे, पाठीशी उशी, खाली दुहेरी घडीची गोधडी. मागच्या चाकांवरचे हादरे पुढच्या बाकावर कमी लागतात, हेही काकांनीच सांगितलेले. मागे पत्नी, आणि तिच्या शेजारी मामांसाठी घेतलेला बाकरवडीचा डबा. महाडला ताम्हिणीवरूनही जाता येते; पण आईने वरंध्याचाच घाट म्हणून हट्ट धरला. लग्नानंतर ती याच घाटाने एस.टी.त बसून पुण्याला आली होती.

सातारा रस्त्यावर कापूरहोळला उजवीकडे वळले, की शहर मागे पडते. भोर जवळ येता येता नीरा नदी डोंगराच्या गळ्यात हार घालावा तशी वळसा घेते, ते वळण पाहायला आम्ही थांबलो. भोर सोडल्यावर देवघरच्या धरणाचे पाणी सोबतीला येते. पाऊस नुकता सरलेला. डोंगरउतार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलेले, आणि खाचरांतला भात पिकून वाकलेला. रस्त्याला खड्डे होते, पण खड्ड्याशी येण्याआधीच दुसरा टाकून, ब्रेकला न शिवता, गाडी हळूच उतरवायची आणि हळूच चढवायची, हे आता जमत होते. हिरडोशी मागे पडली आणि आईने अचानक विचारले, "ओठांत काय पुटपुटतोस रे मघापासून?"

मी ओशाळून खरे काय ते सांगितले. ती हसली. "चांगलं आहे. महाडपर्यंत पुष्कळ नामस्मरण होईल."

वरंध्याचा घाट म्हणजे देशावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटांपैकी एक. कावळ्या किल्ला या वाटेवर पहारा ठेवी, आणि आजचा रस्ता त्याच्याच अंगातून खिंड पाडून गेला आहे. खिंडीच्या अलीकडे देश, पलीकडे एकदम कोकण. जमीन संपून जाते आणि पायाखाली नुसती दरी उरते. समोरच्या रानात, खाली, शिवथरची घळ. समर्थांनी तिथे बसून दासबोध सांगितला, अशी श्रद्धा आहे. आईने बसल्या जागेवरून हात जोडले.

इथून उतार. आपल्याकडे चालकांचा एक पिढीजात नियम आहे. ज्या गिअरात घाट चढशील, त्याच गिअरात तो उतर. नवशिक्याला वाटते, उताराला गिअर कशाला, ब्रेक आहेत की! पण मैलोगणती ब्रेक दाबून ठेवले, की ते तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. खालच्या गिअरात इंजिनच गाडीला लगाम घालते. मी खिंडीतच दुसरा टाकला, थोडी रेस देऊन इंजिनला वर बोलावले आणि क्लच सोडला. जीप गुरगुरत, कोणी मागून पदर धरावा तशी, आपल्याच चालीने उतरू लागली. वळणापुरता ब्रेक, बाकी काही नाही. आई दरीकडे पाहत होती. तिची मान स्थिर होती. त्या तासाभरात मी दरी पाहिली नाही. तिची मान पाहिली.

वाघजाईच्या देवळापाशी थांबून गरम भजी खाल्ली, माकडांना चुकवत चहा घेतला. मग माझेरी, बिरवाडी, आणि पुढे महामार्गाने पोलादपूरकडे. वाडीच्या फाट्याला लागलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

खरी परीक्षा तिथून पुढे होती. फाट्यापासून वाडीपर्यंत दोन किलोमीटरची चढणीची कच्ची वाट. लाल माती, मध्ये पाण्याने खणलेल्या चऱ्या, आणि आदल्या रात्री पडलेल्या परतीच्या पावसाने झालेला चिखल. आई लहानपणी हे अंतर पाखाडीच्या पायऱ्यांनी चालत जाई; आता त्या पायऱ्या तिला शक्य नव्हत्या. फाट्यावर वडापची एक जीप उभी होती. तिचा चालक पोरसवदा, पण रोज याच वाटेवर जाणारा. आईकडे पाहून तो माझ्या खिडकीशी आला.

"साहेब, इथंच गाडी उभी करून लो टाका. आणि गिअर इथंच ठरवा. पयला तर पयला. वर चढणीत बदलू नका. क्लचला पाय लावायचाच नाही."

चार चाकांच्या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक दांडा असतो. त्याने पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. डांबरी कोरड्या रस्त्यावर अशा गाडीत तो लावू नये. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त वाट चालावी लागते, आणि दोन्ही एकत्र बांधलेली असली, की गाडी अडखळते. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. त्याच दांड्याची आणखी एक जागा म्हणजे 'लो'. तिथे बहुतेक जीपांत गती अडीच पटींच्या आसपास कमी होते आणि ओढ तितकीच वाढते. पहिल्या लोमध्ये जीप रेस न देताही माणसाच्या चालीने डोंगर चढते. ही जागा मात्र गाडी उभी करून, क्लच दाबून, मगच टाकायची.

मी टाकली. जीप हळूहळू चढू लागली. चिखल आला, चर आली, पण तिचा श्वास बदलला नाही. अर्धी वाट झाली असेल. इंजिनाचा आवाज मोठा, वेग मात्र गाईच्या चालीचा. मला वाटले, इतके सरळ चालले आहे, तर दुसरा टाकावा, लवकर पोहोचू. पोराने सांगितलेले कानाआड झाले. मी क्लच दाबला.

सपाटीवर क्लच दाबला, तर गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते. तेवढ्यात गिअर बदलून होतो. उभ्या चढणीत, गाईच्या चालीने जाणाऱ्या गाडीला पुढे नेणारा वेग असतोच कुठे? माझा 'विठ्ठल' पुरा होण्यापूर्वी जीप जागेवर थांबली होती. मी गडबडीने क्लच सोडला. एक सणसणीत गचका बसला आणि इंजिन बंद पडले.

"आई गं!"

ब्रेकवर पाय रोवून मी हँडब्रेक ओढला. गाडीत विलक्षण शांतता पसरली. पत्नीने मागून आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईचे डोळे मिटलेले होते आणि हात गोधडीच्या कडेवर आवळलेला. मला डॉक्टर आठवले, मणक्याचे ते छायाचित्र आठवले. तीन आठवडे शिकून जे मिळवले, ते एका क्षणाच्या घाईने घालवले, असे वाटून तोंडाला कोरड पडली.

"आई, लागलं का?"

तिने डोळे उघडले. थोडी हलून पाहिले. "नाही. लागलं नाही." मग माझ्याकडे वळून, रागावून नव्हे, अगदी सहज म्हणाली, "पण घाई का केलीस? चाललं होतं की नीट."

याहून अचूक शेरा काकांनाही देता आला नसता. पाच मिनिटे आम्ही तसेच बसलो. मग मी इंजिन सुरू केले, पहिला टाकला, क्लच पुरता पकडेपर्यंत हँडब्रेक धरून ठेवला आणि अलगद सोडला. जीप मागे इंचभरही न सरकता पुढे निघाली. उरलेला एक किलोमीटर माझा डावा पाय गाडीच्या तळावर सपाट ठेवलेला होता. वेळ किती लागला, ते मी पाहिले नाही.

मामा पडवीत खाटेवर उठून बसले होते. आई त्यांच्याशेजारी जाऊन टेकली. बराच वेळ दोघांपैकी कोणी बोलले नाही. मग मामांनी विचारले, "बरी आहेस ना?" आणि आई म्हणाली, "बरा आहेस ना?" फोनवरचेच ते शब्द. पण या वेळी मामांचा हात तिच्या हातात होता. वहिनींनी आत जाऊन चहाचे आधण ठेवले.

तीन दिवस राहून आम्ही निघालो. ती लाल वाट पहिल्या लोमध्येच, क्लचला न शिवता, उतरलो. उतारावर क्लच दाबणे म्हणजे इंजिनने धरलेला लगाम आपल्या हाताने सोडणे. माझेरीहून वरंधा चढू लागलो तेव्हा ऊन कलले होते. वळणाआधी दुसरा, वळण संपल्यावर तिसरा, पुन्हा दुसरा. मध्येच पत्नीने मागून माझ्या खांद्याला हळूच हात लावला आणि आईकडे खूण केली. आईची मान उशीवर कलली होती. ती झोपली होती.

पुण्यात पोहोचल्यावर रात्रीच मी काकांकडे गेलो आणि सगळे सांगितले. चढणीतला गचकाही लपवला नाही. तो ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. झोपेचे ऐकल्यावर मात्र त्यांनी विचारले, "कुठं झोपल्या?"

"वाघजाईच्या खालच्या वळणांवर."

काकांनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावरून उठला, हवेत एका न दिसणाऱ्या दांड्यावर क्षणभर थांबला आणि सावकाश मागे आला.

"हां," ते म्हणाले, "तिथं दुसरा पडतो."